पडवीचा सांधा

कोकणातलं कौलारू घर नेमकं कुठे गळतं, असं विचारलं की ज्यांनी तिथे पावसाळा काढलेला नाही ते वर कौलांकडे बघतात. ज्यांनी काढला आहे ते भिंतीकडे बघतात. कौल फुटलं तर कळतं. दिवसा आत उजेडाचा ठिपका दिसतो, दुसरं कौल घातलं की काम भागतं. पण पडवीचं उतरतं छप्पर जिथे माजघराच्या उंच भिंतीला येऊन टेकतं, त्या रेघेवर पाणी कुठून शिरलं आणि कुठे उतरलं याचा पत्ता लागत नाही. वरच्या मोठ्या पाख्याचं पाणी पागोळ्यांनी पडवीच्या कौलांवर आदळतं, वारा ते उचलून भिंतीवर मारतो, आणि भिंतीवरून ओघळलेलं सगळं त्या सांध्यातच येऊन पोचतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. एवढ्या पाण्यापुढे घराचा सगळ्यांत दुबळा भाग म्हणजे ही रेघ.

आमची पिढी म्हणजे जिचं बालपण कौलांखाली गेलं, नोकरी मुंबई-पुण्यात स्लॅबखाली झाली आणि आता गावच्या घराचं काय करायचं हा प्रश्न जिच्यापुढे आहे ती. आम्ही तो सांधा चुन्यानं भरलेला पाहिला, सिमेंटनं भरलेला पाहिला आणि आता ट्यूबमधून पिळलेल्या रबरासारख्या लांबीनं भरलेलाही पाहतो आहोत. तिन्हींत आताचा उत्तम. हे आधीच सांगून टाकावं, कारण पुढे जे लिहायचं आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की आम्हाला पुन्हा भिजायची हौस आहे.

तेव्हा वैशाख सरत आला की आगोटीची कामं निघायची. लाकडं मांगरात जायची, शेण्या रचल्या जायच्या, आमसुलं आणि सांडगे डब्यांत भरले जायचे, आणि मग घर शाकारायला माणसं यायची. मुंबईचे काका सुट्टी घेऊन यायचे ते आंब्यांसाठी, असं आम्हाला वाटायचं. खरं म्हणजे ते शाकारणीसाठी यायचे. वर दोघंजण चढायचे, बाकीच्यांची शिडीपासून अंगणापर्यंत रांग लागायची, आणि कौलं हातोहात खाली यायची. खाली आजोबा बसलेले असायचे. प्रत्येक कौल एका हातावर तोलून ते बोटाच्या पेरानं टिचकी मारायचे. खणखणीत वाजलं तर ते उजवीकडे, बद्द वाजलं तर डावीकडे. डोळ्यांना न दिसणारी भेग कानाला कळते, हे आम्ही कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. कौलांखालून वर्षभराची फणसाची पानं, चिमण्यांच्या घरट्यांच्या काड्या आणि अधूनमधून विंचू निघायचा. उघड्या वाशांतून माजघरात ऊन पडायचं. एरवी जिथे कंदिलाशिवाय काही दिसायचं नाही, तिथे त्या एका दिवशी जमिनीच्या शेणसारवणावरची बोटं मोजता यायची.

आता मे महिन्यात गावाला गेलं तर घरावर कुणी चढलेलं दिसत नाही. पत्रा असेल तर चढायचं कारणच नाही. कौलं असतील तर ‘बघून घे एकदा’ असं फोनवर सांगितलं जातं, तो बघून घेतो, फोटो पाठवतो, पैसे फोनवरूनच जातात. फोटोत कौल दिसतं, पण वाजत नाही.

सांध्याचं काम सगळ्यांत शेवटी असायचं आणि ते शाकारणाऱ्याचं नसायचं, गवंड्याचं असायचं. त्याची तयारी आठवडाभर आधीपासून चाललेली असे. खाडीच्या शिंपल्या भट्टीत भाजून केलेली कळी टोपलीतून यायची. अंगणाच्या कडेला खड्डा खणून त्यात ती पाण्यात घातली की रटरट उकळायला लागायची आणि पांढरी वाफ उठायची. तिथे आम्हा मुलांना फिरकू देत नसत, कारण डोळ्यांत उडाली तर डोळा जायचा. विरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवायचा, जितका मुरेल तितका चांगला. मग त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. नुसता शिंपल्यांचा चुना पाण्यात घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो सावकाश दगड होत जातो. भाजलेल्या विटेची भुकटी मिसळली की तो ओलीतही धरतो. ही रसायनं गवंड्याला ठाऊक नव्हती, प्रमाण मात्र पक्कं ठाऊक होतं. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, कुणी हिरड्याचं पाणी घालायचा. प्रत्येकाचं माप वेगळं आणि प्रत्येकाचा दुसऱ्याच्या मापावर अविश्वास.

आधी गेल्या वर्षीचा चुना टोकदार सळीनं खरवडून काढायचा. मग भिंत धुवायची, नुसती शिंपडून नाही, तर तांब्यांवर तांबे ओतून. जांभा दगड पाणी पितो. तो कोरडा राहिला तर चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि चुना धरायच्या आधीच सुकून सुटतो. भिंतीनं पाणी पिणं थांबवलं, वरून ओतलेलं निथळून खाली यायला लागलं, की गवंडी थापी उचलायचा. पहिला थर पातळ, सांध्यात दाबून बसवलेला. दुसरा थर उतरता, भिंतीवरून कौलावर येणारा. आणि थापी ठेवून दिल्यावर तो अंगठा लावायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा दाबत, चुना भिंतीत रेटत तो सरकायचा, आणि चुन्यावर अंगठ्याची लांबलचक पन्हळ उमटायची. भिंतीच्या बाजूची कौलाची कड तो आधीच खाली चिपा घालून किंचित उचलून घेई, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता छपराच्या मधल्या भागाकडे वळेल. मग सगळ्यावर ओलं गोणपाट. पुढचे काही दिवस ते गोणपाट ओलं ठेवायचं काम आमचं.

आताच्या सांध्याला गोणपाट लागत नाही. पॉलीयुरेथेनच्या लांबीची नळी बंदुकीसारख्या यंत्रात बसवायची, घोडा दाबायचा आणि सांध्यातून एकसारखी काळी किंवा करडी दोरी ओढत न्यायची. नाहीतर डांबराचा थर आणि वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली चिकटपट्टी भिंतीवर आणि कौलावर दाबून बसवायची. सकाळी आलेला माणूस जेवायच्या वेळेला मोकळा. ती लांबी ताणली तर ताणते, दाबली तर दबते, आणि पहिल्या पावसात काही होत नाही. आमच्या चुन्याबद्दल असं छातीठोक कुणी कधी बोललं नाही.

चुना टिकायचा का? खरं उत्तर असं, की एक पावसाळा टिकायचा. बरा बसला असेल तर दुसऱ्या पावसाळ्याचा काही भाग. आजीच्या काळातली कामं पिढ्यानुपिढ्या टिकायची असं आम्ही मुलांना सांगतो. वाड्यांच्या आणि देवळांच्या घुमटांच्या बाबतीत ते खरं आहे, पडवीच्या सांध्याबाबत नाही. त्याचं कारण चुन्यात नव्हतं, घराच्या बांधणीत होतं. भिंत दगडाची, ती जागची हलत नाही. छप्पर लाकडाचं, ते सतत हलतं. पावसाळ्यात वासे आणि रिपा ओल पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, कौलांच्या वजनानं वाकतात, वाऱ्यानं थरथरतात. एक स्थिर आणि एक चंचल, अशा दोघांना पक्कं चिकटवायला गेलं की कुठेतरी तडा जाणारच. तो तडा केसाएवढा असला तरी पुरतो. रुंद फटीतून पाणी वाहून जातं. केसाएवढ्या फटीत ते ओढलं जातं, वरच्या दिशेनंही चढतं.

चुन्याचं एक बरं होतं. तो मऊ असल्यामुळे एका मोठ्या तड्याऐवजी बारीक बारीक पुष्कळ तडे जायचे, आणि त्यांतून झिरपणाऱ्या पाण्यात थोडा चुना विरघळून तोच पुढे फटीत साचायचा. काही तडे असे आपोआप बुजायचेही. काही बुजायचे नाहीत.

मग सिमेंट आलं. आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळायचं. 1982 साली त्यावरचं नियंत्रण अर्धवट उठलं आणि 1989 साली पूर्ण उठलं. त्याआधी घरात सिमेंटचं पोतं असणं म्हणजे ऐपतीची खूण. हौदाचं किंवा न्हाणीघराचं काम उरकून उरलेलं घमेलंभर सिमेंट कुठे लावायचं, यावर घरात चर्चा व्हायची आणि निकाल ठरलेला असायचा: पडवीच्या सांध्याला. काय तो थाट! गुळगुळीत, करडा, ओळंब्यात बसवलेला पट्टा. आता बघू पाऊस काय करतो, असं सगळे म्हणाले.

पावसानं फार काही करावं लागलं नाही. सिमेंट सुकताना आकसतं आणि कडक होतं. हलणाऱ्या छपराला ते कणभरही जागा देत नाही. पहिल्याच हिवाळ्यात ते भिंतीपासून सरळ रेघेत सुटलं. वरून पट्टा अखंड दिसायचा आणि मागे बोटभर लांब, केसभर रुंद फट. तिच्यातून शिरलेलं पाणी पट्ट्यामागे अडकून राहायचं, बाहेर यायला वाट नाही, म्हणून भिंतीत जिरायचं. भिंतीला लोणा लागला, गिलाव्याचे पोपडे पडले, आणि पट्टा मात्र अजून ठणठणीत म्हणून कुणी त्याला हात लावला नाही. चुन्याचा सांधा बिघडला की दिसायचा. सिमेंटचा बिघडला तरी दिसला नाही. कोकणातल्या किती पडव्या त्या पट्ट्यांनी आतून कुजवल्या, हे भिंती उतरवायची वेळ आली तेव्हा कळलं: वाशांची टोकं भिंतीत जिथे रुतलेली, तिथे लाकूड नव्हतं, वाळवीची माती होती.

म्हणून ‘जुनं’ म्हणताना आम्हाला जरा थांबावं लागतं. आम्ही ज्यासाठी हळहळतो त्यातलं बरंचसं त्याच्याही आधीच्या कशाची तरी जागा घेऊन आलेलं आहे. मंगलोरी कौलांचंच घ्या. एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचं कौल फ्रान्समधल्या अल्सासमध्ये गिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये काढलं, आणि मंगळूरला बासेल मिशनच्या मिशनऱ्यांनी 1865 मध्ये कारखाना घालून ते इकडे आणलं. तिथून गलबतांत भरून ती लाल कौलं कोकणच्या बंदरांना लागली. त्याआधी गावठी नळे होते, कुंभारानं चाकावर केलेले आणि उभे चिरलेले, एक उताणा एक पालथा असे रचायचे. त्याच्याही आधी आणि गरिबाघरी पुढेही कितीतरी काळ, गवत. मंगलोरी कौलं चढली तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नळ्यांचा गारवा आठवून वाईट वाटलंच असेल. आम्हाला वाटतं की घर म्हटलं की लाल कौल असणारच. त्यांना ते कारखान्यातून आलेलं परकं सामान वाटलं असेल.

आता पत्रा आला आहे. त्यावरही कौलांचा आकार ठोकलेला असतो आणि रंगही तोच लाल.

पत्र्याला नावं ठेवणं आम्हाला शोभत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि रायगड जिल्ह्यात, दापोली-मंडणगडात, छपरंच्या छपरं उडाली. मृग चार दिवसांवर आला होता. लोकांच्या घरांवर आकाश होतं, टाळेबंदी होती, कौलं मिळत नव्हती, मिळाली तर चढवणारी माणसं मिळत नव्हती. त्या वेळी ज्यानं पत्रा घातला त्यानं लेकराबाळांच्या डोक्यावर छप्पर घातलं. मुंबईत कोरड्या घरात बसून ‘गावचं रूप बिघडलं’ म्हणणाऱ्यांत आमच्यापैकीही काहीजण होते, आणि ते बोलणं बरं नव्हतं. पत्र्याखाली दुपारी भाजतं आणि पाऊस पडला की माणसाचं माणसाला ऐकू येत नाही, हे खरं आहे. पत्रा एकदा बसला की मे महिन्यात कुणाची मनधरणी करावी लागत नाही, हेही तितकंच खरं.

आणि मनधरणी कुणाची, हाही प्रश्न आहेच. शाकारणीचं आमचं चित्र अंगणातून पाहिलेलं आहे. वरून ते कसं दिसायचं ते आम्हाला माहीत नाही. छपरावर चढणारी माणसं ठरलेल्या वाड्यांतली असत. दुपारच्या उन्हात तापलेल्या कौलांवर अनवाणी, कुठला वासा किडका आहे याचा भरवसा नाही. पडलेल्यांच्या हकिगती प्रत्येक गावात होत्या आणि त्या सांगतानाही ‘कौलं किती फुटली’ हे त्यात यायचंच. मजुरी पायलीत मोजून, चहा वेगळ्या कपातून. चुना कालवणाऱ्या बायकांच्या बोटांच्या पेरांना भोकं पडायची, त्यांवर खोबरेल तेल लावून त्या दुसऱ्या दिवशी परत यायच्या. त्यांची नातवंडं आता छपरावर चढत नाहीत. छान झालं. माणूस मिळत नाही म्हणून आम्ही कुरकुरतो, तेव्हा आपण कशाबद्दल कुरकुरतो आहोत हे मनाशी स्पष्ट असलेलं बरं.

घरातही सगळं गोजिरं नव्हतं. सांधा गळायला लागला की ओल पडवीतून माजघराच्या भिंतीत उतरायची, आणि माजघर म्हणजे बाळंतिणीची खाट, म्हाताऱ्यांचं अंथरूण, भाताची कणगी. श्रावणात कपडे सुकायचे नाहीत ते नाहीतच. दम्यानं बसून रात्र काढणारं एक तरी माणूस घरोघरी असायचं. पुरुषमाणसं सांध्याची चर्चा करायची. पाणी मात्र बायका पुसायच्या. रात्री उठून तपेली उपसायची, फडकी पिळायची, मुलांची अंथरुणं ओढून कोरड्या कोपऱ्यात न्यायची, आणि पहाटे चुलीत ओली लाकडं फुंकायची. आईला विचारलं असतं की तुला तो सांधा आठवतो का, तर तिनं आमच्यासारखं लिहायला घेतलं नसतं.

इतकं कबूल केल्यावरही काही गोष्टी उरतात.

मृगाच्या पहिल्या पावसाची रात्र उरते. दिवसभर कोंडलेला उकाडा, मग समुद्राकडून वारा, मग कौलांवर पहिले मोठे थेंब. सगळं घर उठून पडवीत यायचं. कुणी कुणाला हाक मारलेली नसायची. आजोबा कंदील उंच धरून भिंतीच्या कडेनं सावकाश सरकायचे, दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीला लावलेला. आम्ही मागे, श्वास धरून. डोळ्यांना ओल दिसायच्या आधी तळव्याला गार लागायची. ‘इथे,’ ते म्हणायचे, आणि कुणीतरी चुलीतला कोळसा आणून भिंतीवर फुली मारायचं. शेजारी गेल्या वर्षीची पुसट फुली असायची, तिच्याशेजारी तिच्याआधीची. पाणी कुठे सरकलं आहे ते त्यावरून कळायचं. चुना कुठे नीट बसला नाही आणि कुठला वासा खचायला लागला आहे, हे आजोबा त्या फुल्यांवरून सांगत. मग तात्पुरता इलाज. कुणीतरी डोक्यावर इरलं घेऊन शिडीवर चढायचं आणि पोफळीची विरी कौलाखालून वर सरकवून द्यायचं. विरीवरून पाणी घसरून जायचं. दसऱ्यापर्यंत तेवढ्यावर निभायचं.

आता भिंतीत ओल आहे का ते बघायला यंत्र मिळतं. दोन टोकं भिंतीला टेकवली की आकडा दिसतो. आकडा तळव्यापेक्षा खरा असतो. तो बघायला मागे कुणी उभं राहत नाही एवढंच.

आणि उरतात झापं. चुन्यापेक्षा, सिमेंटपेक्षा आणि खरं सांगायचं तर आजच्या लांबीपेक्षाही शहाणपणाची गोष्ट ती होती, आणि तिच्याकडे आम्ही कधी काम म्हणून पाहिलंच नाही. माडाची चुडतं चिरून, विणून झापं करायची आणि पावसाच्या तोंडाच्या भिंतीवर वरच्या वळचणीपासून खाली सोडायची, अशी की त्यांची खालची कड पडवीच्या कौलांवर वीतभर पुढे येईल. झडीचं पाणी झापांवर आदळायचं, झापांवरून कौलांवर उतरायचं, कौलांवरून अंगणात. सांध्यापर्यंत ते पोचायचंच नाही. झाप भिंतीला चिकटलेलं नसे आणि कौलालाही नसे; छप्पर हललं तर हलो, झाप नुसतं वरून लोंबतं. चिकटवू नका, झाका. एवढीच विद्या, आणि ती पुरी होती.

हीच विद्या जगात सगळीकडे आहे हे आम्हाला मुलं परदेशी गेल्यावर कळलं. इंग्लंड-वेल्समध्ये घरांवर पाटीच्या दगडाची छपरं असतात आणि ती भिंतीला टेकतात तिथे शिशाचा पत्रा लावलेला असतो. विटांच्या थरांप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला, वरची कड विटांच्या सांध्यात खोचून शिशाच्याच पाचरींनी ठोकलेली, खालची कड मोकळी. दगडाच्या पाट्या त्याखाली हवं तेवढं हलू शकतात. शिसं मऊ असल्यानं हातोडीनं हव्या त्या आकारात बसतं आणि चांगलं घातलं तर शंभर वर्षं जातं. तिथल्या चर्चच्या छपरांवरून चोर ते शिसं उचलून नेतात, इतकी त्याला किंमत. आमची झापं कुणी चोरली नसती. दिवाळीपर्यंत ती काळी पडून कुजायची, मग काढून माडाच्या आळ्यात टाकायची, आणि वैशाखात पुन्हा नवी विणायची. संध्याकाळी पडवीत बसून बायका झापं विणायच्या, हात चालत असायचे आणि तोंडंही. सोयरिकी त्या विणकामावर ठरल्या, भांडणं त्यावर मिटली.

तिथल्या सांध्याला शंभर वर्षं कुणी बघितलं नाही तरी चालतं. इथल्या सांध्याला दरवर्षी बघावं लागायचं. आमची सगळी हळहळ इथे येऊन थांबते. तो सांधा वाईट होता म्हणूनच वर्षातून एकदा घराच्या प्रत्येक कौलाला माणसाचा हात लागायचा. वासा किडलेला असला तर त्याच वेळी कळायचा, वाळवीची रेघ भिंतीवर चढताना दिसायची, आढ्यावरचा कोना सरकलेला सापडायचा. भावाभावांचं पटत नसलं तरी शाकारणीचा खर्च कुणी किती द्यायचा हे बोलायला एकत्र बसावं लागायचं, आणि त्या बसण्यात बाकीचंही बोलणं व्हायचं. घर सामाईक आहे हे कागदावरून नाही, त्या कौलांच्या रांगेवरून कळायचं.

आता सामाईक घरं कुलपात आहेत. कुणाचा हिस्सा किती हे सात-बाऱ्यावर आहे, पण मे महिन्यात कुणी जायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. कुलपातलं कौलारू घर कसं मरतं ते आमच्या पिढीनं जवळून पाहिलं आहे. आधी माकडांनी चार कौलं सरकवलेली असतात, पण त्यानं घर पडत नाही. पडवीच्या सांध्यात पानं साचतात, कुजतात, त्यांची माती होते, मातीत पिंपळाचं रोप येतं. पाणी अडून मागे भिंतीत शिरतं. मातीत बांधलेली जांभ्याची भिंत ओली होत होत सुटते, वाशांची टोकं कुजतात, आणि एका श्रावणात पडवीचं सगळं छप्पर भिंत सोडून अंगणात बसतं. त्यापुढे दोन-तीन पावसाळे पुरतात. शेजारी फोन करून कळवतो, आणि गटावर सगळे भाऊ-बहिणी दुःख व्यक्त करतात.

ज्यांची घरं अजून उभी आहेत त्यांच्यात हल्ली काहीजण नीट काम करून घेतात. भिंतीत कौलांच्या वर वीतभर उंचीवर बोटभर खोल खाच कापायची, तिच्यात अॅल्युमिनियमच्या पत्र्याची वरची कड दुमडून खोचायची, खाच चुन्याच्या गिलाव्यानं भरायची, आणि पत्र्याची खालची कड कौलांवर मोकळी सोडायची. सिमेंटचा जुना पट्टा आधी फोडून काढायचा, मागचं कुजलेलं लाकूड बदलायचं. चुना पुन्हा मिळायला लागला आहे, पिशवीत मुरवून तयार. तरुण गवंडी सुरुवातीला कुरकुरतात, कारण त्यांनी कधी चुना हाताळलेला नाही, पण भिंत ओली करून घ्या आणि घाई करू नका एवढं सांगितलं तर जमतं त्यांना. खर्च सिमेंटपेक्षा बराच जास्त येतो. तो द्यावा. पत्रा भिंतीला धरतो आणि छपराला मोकळं ठेवतो, म्हणजे आजीच्या झापाचंच काम करतो, दरवर्षी विणावा न लागता.

फक्त त्या पत्र्यावर आंब्याफणसाची पानं साचतातच. साचली की पाणी तुंबून पत्र्याच्या वरच्या कडेपर्यंत चढतं आणि खाचेत शिरतं, मग पत्रा असून नसल्यासारखा. मृगाच्या आधी एकदा आणि भाद्रपदात एकदा कुणीतरी वर जाऊन ती काढावी लागतात. गावात हे काम करणारी दोन-चार माणसंच उरली आहेत आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना सगळीकडून बोलावणी असतात. ज्यांना त्यांच्याकडून काम करून घ्यायचं असेल त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला सांगून ठेवावं, पैसे आधी विचारून घ्यावेत, कमरेला बांधायचा दोर आपण द्यावा, आणि जमलं तर त्या दिवशी स्वतः तिथे असावं.